१९११ च्या रुपयावर डुक्कर नाही

जुन्या बाजारात रविवारी नाण्यांच्या पथारीपुढे बसलात, की पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया दाखवून एक गोष्ट हमखास सांगितली जाते: ‘इंग्रजांनी मुद्दाम डुक्कर कोरलं, मुसलमानांना खिजवायला!’ जोडीला ‘म्हणून लाखात जातो’ हेही. दोन्ही चूक आहे.

भिंग घ्या. राजाच्या छातीवरची मानाची साखळी पाहा. तिच्यात एक चिमुकला प्राणी आहे, आणि तो हत्ती आहे. हत्ती हे त्या साखळीचं नेहमीचं चिन्ह. फक्त इथे सोंड आखूड आणि पाय बुटके कोरले गेले, त्यामुळे तो डुकरासारखा दिसला. लोक भडकले, ते स्वाभाविकच होतं. पण खिजवायचंच असतं, तर सरकारने लगेच माघार घेतली नसती. न वाटलेली नाणी मोठ्या प्रमाणावर वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड ठळक केली. दोन रुपये शेजारी ठेवा, फरक डोळ्यांनी दिसतो.

किमतीचं म्हणाल, तर १९११ चा रुपया नंतरच्या वर्षांपेक्षा महाग असतो हे खरं. पण काही लाख नाणी चलनात आली होती, झिजलेल्या नाण्याला लाख कोण देणार? उलट मागणी आहे म्हणून नकली फार. अस्सल रुपया ११.६६ ग्रॅम भरतो. खिशात छोटा काटा ठेवा, आणि विकणाऱ्याला वजन करू द्यायचं नसेल तर सरळ उठा.

संग्रहात ठेवायला संकोच नको. चिठ्ठीवर मात्र ‘डुक्कर छाप’ एवढंच लिहू नका, हत्तीचं नावही लिहा.