मेलाटोनिन

मेंदूच्या मध्यभागी असलेल्या पिनिअल ग्रंथीत मुख्यतः रात्री तयार होणारे संप्रेरक. रासायनिक नाव एन-ॲसिटिल-५-मेथॉक्सिट्रिप्टामिन. त्याला सर्रास ‘झोपेचे हॉर्मोन’ म्हणतात, पण हे नाव दिशाभूल करणारे आहे. हॅमस्टर हा उंदरासारखा छोटा प्राणी रात्रभर जागा राहून अन्न शोधतो, आणि त्याच्याही रक्तात मेलाटोनिन रात्रीच वाढते. म्हणजे मेलाटोनिन हा झोपेचा हुकूम नव्हे, अंधार पडल्याची वर्दी आहे. त्या वर्दीवर काय करायचे ते ज्या त्या प्राण्याचे शरीर ठरवते. माणसाचे शरीर झोपेच्या तयारीला लागते. मेलाटोनिनची गोळी घेऊनही उपयोग झाला नाही अशी तक्रार अनेकजण करतात, तिचे मूळ बऱ्याचदा हा फरक लक्षात न येण्यात असते.

त्याचा शोध झोपेच्या अभ्यासातून लागलेला नाही. पिनिअल ग्रंथीचा अर्क दिल्यावर बेडकाच्या पिलांची त्वचा फिकी पडते, हे १९१७ मध्ये दिसून आले होते. येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांना त्यात त्वचारोगांवरच्या औषधाची शक्यता दिसली. गुरांच्या हजारो ग्रंथींवर प्रक्रिया करून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये हा पदार्थ वेगळा केला. त्वचेला रंग देणाऱ्या मेलानिनवर परिणाम करणारा आणि सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाशी नाते असणारा म्हणून नाव ठेवले मेलाटोनिन. माणसाच्या त्वचेचा रंग मात्र त्याने बदलला नाही.

पिनिअल ग्रंथी तांदळाच्या दाण्याएवढी असते. मराठीत तिला तृतीय नेत्र पिंड असेही म्हणतात, आणि ही उपमा शास्त्रीयदृष्ट्याही चपखल आहे: मासे, बेडूक, काही सरडे यांच्यात हा अवयव किंवा त्याचा जोडीदार प्रत्यक्ष प्रकाश ओळखतो. माणसात मात्र तिला प्रकाशाची बातमी डोळ्यांकडूनच घ्यावी लागते, तीही फार लांबच्या वळणाने. दृष्टिपटलातील काही मोजक्या पेशींत मेलानॉप्सिन हे द्रव्य असते. सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. त्यांचा संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधील सुप्राकायझमॅटिक केंद्रकात, म्हणजे शरीराच्या मुख्य घड्याळात, पोचतो. तिथून तो मज्जारज्जूतून छातीपर्यंत खाली उतरतो, मानेतील चेतागंडिकेत (चेतापेशींच्या गाठीत) येतो आणि मग वर पिनिअल ग्रंथीकडे परततो. मानेपाशी मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या रुग्णांमध्ये रात्रीचे मेलाटोनिन जवळजवळ नाहीसे होते, ते यामुळेच. या वाटेचा शेवटचा निरोप्या नॉरॲड्रिनॅलिन हे रसायन आहे, आणि बीटा-ब्लॉकर औषधे त्याचाच परिणाम अडवतात. म्हणून रक्तदाबासाठी दिली जाणारी काही बीटा-ब्लॉकर औषधेही मेलाटोनिन घटवतात.

अंधाराचा संदेश मिळाला की ट्रिप्टोफॅन या अन्नातून मिळणाऱ्या अमिनो आम्लापासून बनलेल्या सेरोटोनिनचे दोन टप्प्यांत मेलाटोनिन होते. ते साठवले जात नाही. तयार होताच रक्तात उतरते. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधी साधारण दोन तास त्याची पातळी चढू लागते, मध्यरात्रीनंतर, बहुधा २ ते ४ च्या दरम्यान, शिखर गाठते आणि पहाटे ओसरते. यकृत त्याचा झपाट्याने निचरा करते. रक्तातले प्रमाण पाऊण तासाच्या आसपास निम्म्यावर येते. नवजात बाळाला ही लय पहिले काही महिने नसते. लहान मुलांत रात्रीचे प्रमाण सर्वाधिक असते, वाढत्या वयात ते घटत जाते.

तेजस्वी प्रकाश माणसातही रात्रीचे मेलाटोनिन दाबून टाकतो, हे १९८० मध्ये आल्फ्रेड लुई आणि सहकाऱ्यांनी दाखवले. पुढे असेही आढळले की काहीच न दिसणाऱ्या काही अंध व्यक्तींमध्येही हा परिणाम होतो, कारण मेलानॉप्सिनच्या पेशी शाबूत असतात. ज्यांच्यापर्यंत प्रकाशाचा कोणताच संदेश पोचत नाही, त्यांचे घड्याळ बहुधा २४ तासांहून थोडे लांब चालते आणि झोपेची वेळ रोज पुढे सरकत राहते. अशांना ठरलेल्या वेळी दिलेले मेलाटोनिन पुन्हा २४ तासांच्या लयीत बांधू शकते. औषध म्हणून त्याचा सर्वांत सुंदर उपयोग हाच, असे म्हणावेसे वाटते.

इथे मात्रेपेक्षा वेळ महत्त्वाची. संध्याकाळी घेतलेले मेलाटोनिन घड्याळ अलीकडे ओढते, सकाळी घेतलेले पलीकडे ढकलते. ज्याला रात्री ३ पर्यंत झोपच येत नाही, त्याने ३ वाजता गोळी घेऊन फारसे साधत नाही. तीच गोळी काही तास आधी, मंद उजेडात घेतली तर झोपेची वेळ हळूहळू अलीकडे येऊ शकते. आणि गोळी घेऊन डोळ्यांसमोर मोबाइलचा लखलखीत पडदा धरणे म्हणजे शरीराला एकाच वेळी दोन उलट निरोप देणे. पूर्वेकडच्या लांब विमानप्रवासानंतरच्या जेट लॅगवर त्याचा उपयोग चांगला सिद्ध झाला आहे, ०.५ मिलिग्रॅमची लहान मात्राही घड्याळ सरकवायला पुरते. साध्या निद्रानाशात मात्र फायदा बेताचा: अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र केल्यावर झोप लागण्याचा वेळ सरासरी सात मिनिटांनी कमी झालेला दिसला.

मधुमेह, कर्करोग, वार्धक्य यांच्याशीही मेलाटोनिनचे नाव जोडले जाते. एमटी२ या त्याच्या ग्राहीच्या (पेशीवरील, त्याचा संदेश टिपणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकातील एका प्रकाराचा टाइप २ मधुमेहाशी संबंध पक्का आहे. रात्रपाळी बहुधा कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये म्हटले, पण त्यात मेलाटोनिनचा वाटा किती हे त्यावरून ठरत नाही. गोळीने कर्करोग टळतो किंवा म्हातारपण लांबते, या दाव्यांवर विसंबू नये.

अल्पकाळ घेतल्यास बहुतेक प्रौढांना डोकेदुखी, गरगरणे, मळमळ, दुसऱ्या दिवशी सुस्ती याहून अधिक त्रास होत नाही. फ्लुवॉक्सामीन या नैराश्यावरच्या औषधामुळे मेलाटोनिनचे रक्तातील प्रमाण कित्येक पटींनी वाढते, आणि वॉर्फरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. ब्रिटनमध्ये त्याला चिठ्ठी लागते. अमेरिकेत ते पूरक आहार म्हणून खुले विकले जाते. कॅनडात तपासलेल्या अशा पूरकांत लेबलवर लिहिल्यापेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त मेलाटोनिन निघाले, आणि चौथा हिस्सा नमुन्यांत सेरोटोनिनही सापडले. गोळ्या गोड चघळण्याच्या असतील तर त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. अमेरिकेत मुलांनी चुकून मेलाटोनिन खाल्ल्याच्या नोंदी २०१२ ते २०२१ या काळात सहा पटींहून अधिक झाल्या.