आइसलँडचा मेंढपाळ कुत्रा : पार्श्वभूमी

आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, १९२४ पासून कुत्रा पाळायला बंदी होती. परवाना काढून पाळायची मुभा मिळायला १९८४ उजाडलं. देशाची स्वतःची म्हणावी अशी कुत्र्याची एकच जात, आणि तिची राजधानीत ही गत! पण बंदी घालणारे वेडे नव्हते.

हा कुत्रा नवव्या शतकाच्या अखेरीस नॉर्स (म्हणजे नॉर्वेकडच्या) वसाहतकऱ्यांबरोबर बेटावर आला. तिथं लांडगे नाहीत, त्यामुळे राखणीपेक्षा हाकण्याचं काम जास्त. उन्हाळाभर मेंढ्या डोंगरात मोकाट सोडायच्या आणि सप्टेंबरात घोड्यांवरून जाऊन खाली आणायच्या, ही रीत आजही आहे. बॉर्डर कॉली ही मेंढ्या राखणारी दुसरी जात नजरेच्या धाकानं मेंढ्या वळवते. हा गडी भुंकून हाकतो. कोकरांवर झडप घालणाऱ्या पक्ष्यांना हुसकावता हुसकावता आकाशाकडे तोंड करून भुंकायची खोडही त्याच्या अंगात मुरली आहे.

घात झाला तो कसाईकामात, आणि बंदीचं मूळही तिथंच. मेंढी कापली की नको ते अवयव कुत्र्यापुढे टाकले जात. त्यांतल्या पाण्यासारख्या द्रवानं भरलेल्या गाठींतून पट्टकृमी (फितीसारखा चपटा जंत) कुत्र्याच्या आतड्यात आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात जात. मग तशाच गाठी माणसाच्या यकृतात धरत. १८६३ मध्ये डॅनिश डॉक्टर हाराल्ड क्राबे यांनी तिथली कुत्री तपासली, तेव्हा चारातल्या एकाहून अधिक कुत्र्यांत हा कृमी निघाला. १८६९ मध्ये कायदा आला, कुत्र्यांवर कर बसला. त्याच शतकात डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाच्या साथींनी इतकी कुत्री मेली की एका कुत्र्यासाठी एक घोडा आणि दोन मेंढ्या मोजल्याची नोंद आहे. १९०१ मध्ये परदेशी कुत्रे आणण्यावर बंदी आली.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अस्सल कुत्री दुर्गम खोऱ्यांतच उरली होती. इंग्रज गृहस्थ मार्क वॉटसन यांनी १९५० च्या दशकात ती हुडकून काही कॅलिफोर्नियाला नेली. पुढे सिग्रिदुर पेत्तुर्सदोत्तिर या आइसलँडच्या बाईंनी शेतावर पद्धतशीर पैदास सुरू केली. माझ्या मते जात टिकली त्याचं मोठं श्रेय या बाईंचं. वॉटसन यांचा जन्मदिवस, १८ जुलै, आता या कुत्र्याचा दिवस म्हणून पाळतात.

नर साधारण ४६ सेंटिमीटर उंच, मादी ४२. शेपूट पाठीवर वळलेली. मागच्या पायांना जादा नखं असतात, तीही शक्यतो दुहेरी. ती जमिनीला घासत नाहीत, वाढून आत वळतात, म्हणून वेळच्या वेळी कापावी लागतात. अंगावर केसांचे दोन थर. वर्षातून दोनदा गळती लागली की घरभर केसच केस, रोज विंचरल्याशिवाय गत्यंतर नाही. एकटं राहणं त्याला मानवत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात तर त्याचे हालच होतील. जंताचं औषध मात्र कुठंही चुकवू नये, आणि कच्चे मांसावशेष अजिबात घालू नयेत.