गॉल्टनची न्याहारी आणि चित्रांविना मन

आज सकाळी ज्या टेबलावर न्याहारी केलीत ते डोळ्यांसमोर आणा. चित्र लख्ख आहे की अंधूक? रंग दिसतात का? एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज संशोधकाने हे प्रश्न छापून ओळखीपाळखीच्या लोकांना धाडले. नात्याने मामेभाऊ लागणाऱ्या चार्ल्स डार्विनने 1879 मध्ये उत्तर पाठवलं: थंड गोमांसाचा काप, द्राक्षं, एक पेअर आणि खाऊन झाल्यावरची ताटली, हे सगळं फोटो पुढ्यात असावा इतकं स्पष्ट दिसतंय. पण काही विद्वानांना प्रश्नच चमत्कारिक वाटला. 'मनात दिसणं' ही नुसती बोलण्याची पद्धत, असंच ते आजवर समजत आले होते. शास्त्रज्ञांची अशी चित्रं पाहण्याची ताकद एकंदरीत दुबळीच असते, असा निष्कर्ष गॉल्टनने 1880 मध्ये काढून टाकला. तो घाईचा होता, पुढे टिकला नाही. (माणसांची प्रतवारी करण्याची त्याची हौस सुप्रजननशास्त्रापर्यंत, म्हणजे निवडक माणसांचीच वंशवृद्धी व्हावी या विचारापर्यंत गेली, ती वेगळीच कथा.)

पुढे विषय मागे पडला. 1913 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसनने फक्त बाहेरून दिसणारं वर्तन अभ्यासा म्हणणाऱ्या वर्तनवादाचा झेंडा रोवला आणि मनात काय चाललंय हे माणसालाच विचारणं अशास्त्रीय ठरलं. 1973 मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मार्क्सने मनातली चित्रं किती स्पष्ट दिसतात हे मोजणारी 16 प्रश्नांची चाचणी तयार केली, तरी चित्रं अजिबात न दिसणाऱ्यांकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

ते गेलं एका रुग्णामुळे. हृदयावरच्या उपचारानंतर त्याची मनातली चित्रं बंद झाली होती. गवत जास्त फिकं हिरवं की पाइनचं झाड, हे तो अचूक सांगे. दिसत मात्र काहीच नसे. मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झेमन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये हे प्रसिद्ध केलं. त्यावरचा मासिकातला लेख वाचून '‌आम्ही जन्मापासून असेच' म्हणणारे पुढे आले. त्यांतल्या 21 जणांवर 2015 मध्ये निबंध आला आणि मनात चित्रं न दिसण्याला ॲफँटेजिया हे नाव पडलं. गंमत म्हणजे यांतल्या बहुतेकांना स्वप्नात चित्रं दिसत.

पण हे सगळं माणसाच्या सांगण्यावरच. म्हणून मला 2022 चा ऑस्ट्रेलियातला प्रयोग महत्त्वाचा वाटतो. उजळ आकृती नुसती मनात आणली तरी इतरांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या आकसल्या, ॲफँटेजियावाल्यांच्या नाही. खरा उजेड डोळ्यांवर पडल्यावर मात्र त्यांच्याही आकसल्या. आणि ते प्रयत्नच करत नव्हते म्हणावं, तर एकाऐवजी चार आकृत्या कल्पायला सांगितल्यावर त्यांच्या बाहुल्या रुंदावत होत्या, मेंदूवर ताण आला की रुंदावतात तशा.