हरवलेली किल्ली गाडीने विसरायला हवी

गेल्या यात्रेत सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर माझ्या मेव्हण्यांची गाडीची किल्ली हरवली. पौर्णिमेची गर्दी, भंडाऱ्याने पिवळी झालेली वाट. सापडायची आशाच नव्हती. नशिबाने बहिणीच्या पर्समध्ये बेळगावच्या खडेबाजारात घासून घेतलेली डुप्लिकेट होती. तिने दार उघडलं, स्टार्टरही फिरला, इंजिन क्षणभर धडधडलं आणि बंद पडलं. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. कुणी म्हणालं पेट्रोलात कचरा, कुणी म्हणालं बॅटरी. एका आजींनी तर ठाम सांगितलं, "ओटी भरताना काहीतरी चुकलंय की गं, आई गाडी सोडंना." बहीण रडकुंडीला आली होती. मला फोन आला तेव्हा मी एवढंच विचारलं, "डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकतंय का?" लुकलुकत होतं. कंपनीची दुसरी किल्ली शहापुरात घरच्या कपाटात होती. भाचा ती घेऊन संध्याकाळी पोचला आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

श्रद्धा ज्याची त्याची; डोंगर मीही चढतो. पण बिघाडाचं कारण गाडी स्वतः दिवा लावून सांगत असताना ते देवीच्या रागावर ढकलू नये, आणि ओटी भरणाऱ्या बाईच्या माथी तर मुळीच मारू नये.

आजच्या एका किल्लीत दोन किल्ल्या असतात. एक धातूच्या पात्याची, जी चावीवाला मशीनवर कापून देतो. दुसरी प्लॅस्टिकच्या डोक्यात दडलेली चिप. तिला ट्रान्सपॉन्डर म्हणतात. खडेबाजारच्या कारागिराने पातं हुबेहूब उतरवलं होतं, म्हणून दार उघडलं. चिप त्यात नव्हतीच. इंधन कधी सोडायचं ते ठरवणारा इंजिनाचा संगणक ओळख पटेना म्हणून इंजिन बंद पाडत होता. या व्यवस्थेचं नाव इमोबिलायझर. युरोपात नव्या गाड्यांना ती १९९८ पासून सक्तीची झाली, कॅनडात २००७ पासून. अमेरिकेत सक्ती नव्हती. तिथे किया आणि ह्युंदाईच्या कितीतरी गाड्यांत ती बसवलेली नव्हती, आणि २०२१-२२ मध्ये समाजमाध्यमांवर युक्ती पसरली तशा नेमक्या त्याच गाड्या सपाट्याने चोरीला जाऊ लागल्या.

"किल्लीतला सेल संपला, म्हणून गाडी सुरू होईना," असं बरेच जण म्हणतात. फिरवायच्या किल्लीत सेल असतो तो फक्त दाराच्या रिमोटसाठी. इमोबिलायझरच्या चिपला सेल लागत नाही. मग ती चालते कशावर?

किल्ली जिथे खुपसतो त्या भोकाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. किल्ली फिरवली की त्यातून सेकंदाला साधारण सव्वा लाख वेळा पुढेमागे हेलकावणारी वीज वाहते. बदलतं चुंबकीय क्षेत्र शेजारच्या तारेत वीज उभी करतं, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं आणि आपण ते दहावीपर्यंत कधीतरी शिकलो. चिपलाही तसंच एक इवलंसं वेटोळं असतं, आणि त्याला जोडलेला कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा इवलासा भाग) ते त्याच ठेक्याला जुळवून ठेवतो. झोक्याला योग्य वेळी हलका धक्का देत राहिलं की झोका उंच जातो, तसा इथे विजेचा दाब वाढतो आणि चिप जागी होते. वेटोळ्यापासून लांब गेलं की हे क्षेत्र झपाट्याने विरतं. अंतर दुप्पट झालं तर जवळपास आठवा हिस्सा उरतो. म्हणून चिप भोकाजवळच असावी लागते.

चिप उत्तर कसं देते, ते मला सगळ्यात जास्त आवडतं. तिच्याकडे ना सेल, ना स्वतःचा ट्रान्समीटर. येळ्ळूरला आजोळी शेजाऱ्यांनी विहिरीवरची मोटर सुरू केली की आमच्या सोप्यातला बल्ब मंद व्हायचा. मोटर दिसत नसे, तिचा आवाजही येत नसे, पण बल्बाकडे बघून आम्ही पोरं सांगायचो, "लागली मोटर." शेजाऱ्यांनी ठरवून मोटर चालू-बंद केली असती, तर त्या बल्बावर आम्हाला निरोप वाचता आला असता! बहुतेक चिपा हेच करतात. चिप आपल्या वेटोळ्यावर छोटासा भार जोडते, तोडते, पुन्हा जोडते. भार जोडला की गाडीच्या वेटोळ्यातून जास्त ऊर्जा ओढली जाते आणि तिथला दाब केसभर उतरतो. हा चढउतार कोणत्या ठेक्यात होतोय त्यावरून गाडी शून्य आणि एक वाचते. किल्ली स्वतः काहीच पाठवत नाही. गाडीच्याच विजेवर ती लिहिते.

आता ती लिहिते काय? सुरुवातीच्या चिपा प्रत्येक वेळी एकच ठरलेला आकडा सांगत. तो कुणी टिपला की कुलूप निकामी. पुढे सवाल-जवाब आले. आपल्या भागातल्या यात्रांत मराठीत कलगी-तुरा आणि कानडीत हरदेशी-नागेशी रंगतात; एका बाजूने सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे उत्तर बांधायचं. गाडी दर वेळी नवा यादृच्छिक आकडा टाकते. किल्ली त्यावर आपल्या पोटातला गुप्त अंक वापरून गणित करते आणि फक्त उत्तर देते. गाडीकडेही तोच गुप्त अंक असतो, ती तेच गणित करून उत्तर ताडून बघते. गुपित एकदाही बाहेर येत नाही, आणि कालचं उत्तर आजच्या सवालाला चालत नाही.

गुपित किती लांब, हे इथे महत्त्वाचं. ४० बिटांचं, म्हणजे चाळीस शून्य-एकांचं असेल तर सुमारे १.१ लाख कोटी शक्यता होतात. ऐकायला अफाट वाटतं, पण २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळेच्या संशोधकांनी असं एक गुपित तासाभराच्या आत शोधून काढलं. प्रत्येक वाढीव बिटागणिक शक्यता दुप्पट होतात. बऱ्याच नव्या चिपांत १२८ बिट असतात, तिथे एकेक शक्यता लावून बघण्याची ही झोंबाझोंबी चालत नाही.

गाडीजवळ फोन धरला आणि दूर घरी कुणी दुसऱ्या फोनजवळ रिमोट दाबला की गाडी उघडते, हा संदेश आमच्या गल्लीच्या ग्रुपवर अजून फिरतो. फोन आवाज वाहून नेतो. रिमोट पाठवतो ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरी, आणि त्या माइकला कळत नाहीत. तो संदेश पुढे ढकलू नका.

किल्ली हरवल्यावर लोक नवी किल्ली बनवायच्या मागे लागतात. पण नवी बनवणं हे अर्धंच काम. गाडीच्या स्मरणात हरवलेल्या किल्लीची नोंद तशीच असते, आणि ती पुसली नाही तर रस्त्यात सापडलेल्या त्या किल्लीने गाडी बिनतक्रार सुरू होते. म्हणून नव्या किल्लीची नोंद करायला स्टिअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र जोडणाऱ्याला, तो शोरूमचा असो वा बाजारातला, आधी विचारा: "गाडीत आत्ता किती किल्ल्यांची नोंद आहे? जुनी पुसणार ना?" उरलेल्या सगळ्या किल्ल्या बरोबर न्या, कारण बऱ्याच गाड्यांत सगळी यादी पुसून नव्याने भरतात आणि घरी राहिलेली किल्लीही परकी होते. आरसी आणि ओळखपत्र लागेल. किल्लीचा विमा घेतला असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंदही करून ठेवा.

मेव्हण्यांनी पुढच्याच आठवड्यात जुनी नोंद पुसून घेतली. दाराचं कुलूप मात्र बदललं नाही, त्यामुळे गाडीत आता ते काहीही ठेवत नाहीत. डोंगरावरची ती किल्ली कुणाला सापडली आणि गाडीही सापडली, तर दार उघडेल, स्टार्टर फिरेल, इंजिन क्षणभर धडधडेल आणि बंद पडेल.