चोळणं, बर्फ आणि अर्धी बैठक

गावच्या कबड्डी स्पर्धेत कुणाचा पाय मुरगळला की त्याला फक्कीच्या रेषेबाहेर बसवतात. एक जण म्हणतो, "काई नाई होत, तेल लावून चोय." दुसरा पानठेल्यावर बर्फ आणायला पळतो. पहिला सल्ला तालमीतला, दुसरा अमेरिकेतला. दोन्ही आता जुने झाले आहेत.

विदर्भात तालमीची मुळं खोल आहेत. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. जोर-बैठकांनी अंग तापवून मगच आखाड्यात उतरायचं, ही शिस्त तालमीची. दुखापत झाल्यावर मात्र हाड बसवणारा, आंबेहळदीचा लेप आणि दणकून मालिश. ताज्या लचकेवर जोर लावून चोळलं की आतला रक्तस्राव वाढतो, पाय आणखी सुजतो. लेपाने निदान नुकसान तरी होत नसे.

बर्फाची गोष्ट १९७८ ची. अमेरिकेतले डॉक्टर गेब मिर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणं असं सूत्र मांडलं, ते जगभर पसरलं. २०१४ मध्ये मिर्किन यांनीच कबूल केलं, की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने बरं होणं लांबू शकतं. सूज नुसती वैरी नसते, दुरुस्ती करणाऱ्या पेशी तिच्यासोबतच येतात. बर्फाने दुखणं कमी होतं, एवढं खरं.

त्याआधी २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या क्रीडावैद्यकाच्या नियतकालिकात नवं सूत्र आलं होतं. विश्रांतीच्या जागी 'योग्य भार' हा शब्द आला. इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की त्याचं नाव होतं 'पोलीस'!

आमच्याकडे या शब्दाला वेगळंच वजन आहे. भरतीची जाहिरात निघाली की पहाटे डांबरी रस्त्यावर पोरंपोरी धावू लागतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. काल घरी बसलेला आज रोज पाच किलोमीटर धावतो आणि महिन्याभरात पायाची नळी ठणकू लागते. दम लवकर वाढतो, हाडाला मजबूत व्हायला वेळ लागतो. मग पूर्ण थांबायचं, दुखणं गेलं की पहिल्याएवढंच धावायचं, आणि नळी पुन्हा धरते. भार बंद न करता कमी करायचा आणि आठवड्या-आठवड्याने वाढवायचा, हे नवं शास्त्र इथेच उपयोगी पडतं.

दुखापत टाळण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग फुटबॉलमधून आला. फिफाच्या वैद्यकीय केंद्राने २००६ च्या सुमारास वीस मिनिटांचा '११ प्लस' सराव तयार केला. २००८ मध्ये नॉर्वेतल्या मुलींवरच्या अभ्यासात दुखापती साधारण एक तृतीयांशाने घटलेल्या दिसल्या. त्यात महागडं असं काही साहित्य लागत नाही. एका पायावर तोल, उडीनंतर गुडघा आत न वळू देता उतरणं. शिवाय गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे धरायचे आणि सावकाश पुढे झुकायचं. मांडीच्या मागचा स्नायू थरथरतो, तोच व्यायाम. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर आजपासून सुरू करता येईल. माझ्या मते कबड्डीची मॅट आणण्याआधी हेच करावं.

कबड्डीत खरं नुकसान गुडघ्याचं. पाय जमिनीत रोवलेला, मांडीला पकड बसलेली, अंग फिरलं की आतला हाडांना जोडणारा बंध (लिगामेंट) फाटतो. २०१० च्या स्वीडिश अभ्यासात असा बंध फाटलेल्या १२१ तरुणांपैकी काहींची लगेच शस्त्रक्रिया केली, बाकीच्यांना आधी व्यायाम दिले. दोन वर्षांनी दोन्ही गटांत फरक दिसला नाही, आणि व्यायामगटातल्या निम्म्याहून अधिकांना शस्त्रक्रिया लागलीच नव्हती. शस्त्रक्रिया केलीच, तरी परत खेळायला नऊ महिने थांबावं, असं २०१६ चा नॉर्वेतला अभ्यास सांगतो.

डिसेंबरात गेलेला गुडघा म्हणजे पोळ्यापर्यंतचं काम. फिजिओच्या कागदावर पहिली ओळ बहुधा अर्ध्या बैठकीची असते. त्यात जूनमधली पेरणी नसते आणि नंतरची डवरणी, म्हणजे पिकातली कोळपणीही नसते. डवऱ्यामागे दिवसभर चालणं हाही भारच आहे, तो हिशेबात धरून त्या दिवशीच्या बैठका कमी करायला हव्यात.