वायनरीचा दरवाजा पाहुण्यांसाठी कसा उघडला

आर्मेनियातल्या आरेनी गावाजवळच्या गुहेत सुमारे 6,100 वर्षांपूर्वीची वायनरी सापडल्याचे 2011 साली जाहीर झाले. ज्ञात असलेल्या वायनऱ्यांत ही सर्वांत जुनी. द्राक्षे पायांनी तुडवायला मातीची मीटरभर रुंदीची उथळ कुंडी, तिला जमिनीत बसवलेल्या खोल भांड्याकडे दिलेला उतार, आणि जवळपास साठवणीचे रांजण, बिया, वाळलेला चोथा. रस आपल्या वजनाने खाली उतरायचा आणि गुहेच्या गारव्यात आंबायचा. पुढची हजारो वर्षे वायनरीची बांधणी या दोन गोष्टींभोवतीच फिरत राहिली: उतार आणि गारवा. जॉर्जियात मोठे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरले जातात. फ्रान्समधल्या बर्गंडीत सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठवासीयांनी क्लो द वूझो या आपल्या द्राक्षबागेत जाड भिंतींची कोठारे बांधली. शॅम्पेनवाल्यांनी रॅंस शहराखालच्या जुन्या खडूच्या खाणींतच बाटल्या रचल्या, कारण तिथले तापमान वर्षभर फारसे हलत नाही.

या सगळ्यात पाहुण्याला जागा नव्हती, कारण बागमालकाचा ग्राहक वाईन पिणारा माणूस नव्हताच. त्याचा ग्राहक म्हणजे व्यापारी. फ्रान्समधल्या बोर्दो भागात वाईन पिंपांतून व्यापाऱ्याच्या गोदामात जाई आणि बाटलीबंद बहुधा तिथेच होई. फिलिप द रॉथशील्ड यांनी 1924 साली तिथल्या आपल्या मूतों बागेची सगळी वाईन आपल्याच आवारात बाटलीबंद करायचे ठरवले, आणि हा निर्णय वास्तुकलेलाही वळण देणारा ठरला. माल अंगणातच मुरवायचा तर तो ठेवायला जागा हवी. म्हणून 1926 साली 100 मीटर लांबीचे कोठार उभे राहिले. ते बांधायला त्यांनी बोलावला तो नाट्यगृहांसाठी ओळखला जाणारा वास्तुकार, शार्ल सिक्लिस. दारातून आत येताच पिंपांच्या रांगा एका नजरेत भरतील अशी त्याची मांडणी आहे. कोठार बघण्यासारखे असू शकते, हा विचार इथे पक्का झाला.

दुसरीकडे शेतकऱ्यांच्या सहकारी वायनऱ्या उभ्या राहत होत्या. 1860च्या दशकापासून फिलॉक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीने युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या. या किडीला तोंड देऊ शकणाऱ्या अमेरिकी खुंटांवर कलमे बांधून बागा पुन्हा लावल्या, तेव्हा एकट्यादुकट्या शेतकऱ्याकडे टाक्यांसाठी पैसा उरला नव्हता. स्पेनमधल्या कॅटलोनियात वास्तुकार गाऊदींचा शिष्य सेझार मार्टिनेल याने या संस्थांसाठी विटांच्या उंच कमानींच्या इमारती बांधल्या. विटा स्वस्त, कमानींना लाकूड-लोखंड कमी लागते आणि उंचावर हवा खेळती राहते. लोक त्यांना वाईनची कॅथेड्रल म्हणू लागले. बेताच्या पैशांत इतके देखणे बांधकाम क्वचितच झाले असेल.

पाहुण्याला मुद्दाम बोलावणे सुरू झाले ते विक्री अडल्यावर. जर्मनीतला वाईन मार्ग, म्हणजे पर्यटकांसाठी द्राक्षबागांमधून आखलेला रस्ता, 1935 साली नाझी राजवटीत खुला झाला. पीक अमाप आले होते आणि ज्यू व्यापाऱ्यांना धंद्यातून हुसकावल्यामुळे विक्रीची जुनी साखळी तुटली होती. वाईन पर्यटनाच्या प्रसन्न जाहिरातींत हा भाग सहसा येत नाही, पण तो विसरू नये. पुढे 1953 साली फ्रान्समधल्या अल्सासने आणि 1971 साली दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलेनबॉशने आपापले मार्ग आखले.

आज ओळखीचे असलेले रूप मात्र कॅलिफोर्नियातले. रॉबर्ट मोंडावी यांनी 1966 साली नापा खोऱ्यात वायनरी काढली. क्लिफ मे या वास्तुकाराने तिला जुन्या मिशन चर्चसारखी रुंद कमान आणि मनोरा दिला, आणि पहिल्यापासून तिथे फेरफटका, चव घेणे, मैफली असा बेत होता. 1976च्या पॅरिसमधल्या चाचणीत डोळे बांधल्यागत, म्हणजे लेबल न दाखवता, दिलेल्या वाईनमधून फ्रेंच परीक्षकांनी पांढऱ्या आणि लाल अशा दोन्ही गटांत नापाच्या वाईनना पहिला क्रमांक दिला आणि खोऱ्याकडे जगाचे लक्ष गेले.

यामागचे अर्थकारण समजून घेतले की बाकीचे उलगडते. वेल लावल्यावर पहिले नीट पीक यायला तीनेक वर्षे जातात. त्यानंतर चांगली लाल वाईन पिंपात आणि बाटलीत आणखी दोन-तीन वर्षे मुरते. तोवर जमीन, ओकची पिंपे, टाक्या यांत पैसा अडकलेला आणि व्याज चालू. त्यात 1933 साली मद्यबंदी उठल्यावर अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी उत्पादक, घाऊक विक्रेता आणि दुकानदार अशी तीन टप्प्यांची साखळी घालून दिली, म्हणजे वाटेत दोघांचा नफा कापला जाणार. टेस्टिंग रूममध्ये, म्हणजे वायनरीतच वाईनची चव घ्यायच्या दालनात, उभा असलेला माणूस पूर्ण किंमत जागेवर मोजतो आणि आवडले तर वाईन क्लबचा सभासद होऊन वर्षानुवर्षे मागवत राहतो. छोट्या वायनरीला तगवणारा ग्राहक तोच.

मग इमारतच जाहिरात झाली. स्पेनमधल्या बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयाने 1997 नंतर शहराचे नशीब पालटले, तेव्हा शेजारच्या रिओहा या वाईनच्या प्रदेशातल्या मालकांनीही नामवंत वास्तुकार गाठले. कालात्रावा यांची लाटांसारख्या छताची इसियोस वायनरी 2001 साली उभी राहिली. पुढे तेच छत गळू लागले. गेरी यांनी मार्केस द रिस्काल या वायनरीसाठी बांधलेले हॉटेल 2006चे. माझ्या मते या काळातली सर्वांत शहाणी इमारत नापातली डॉमिनस आहे. हर्झॉग आणि द म्युरॉन यांनी तारेच्या जाळ्यांत तिथलाच बेसाल्ट भरून तिच्या भिंती रचल्या. दिवसाचे ऊन दगड अडवतात, रात्रीचा गारवा धरून ठेवतात, आणि जिथे दगड सैल भरले आहेत तिथून उजेड झिरपतो. ही वायनरी पर्यटकांसाठी खुली नाही.

पाहुण्यांच्या गर्दीचा भार जमिनीवर पडणार हे नापाने लवकर ओळखले. 1968 साली खोऱ्यातली जमीन शेतीसाठी राखीव झाली आणि ती तुकडे करून विकण्यावर बंधन आले. 1990च्या नियमाने नव्या वायनऱ्यांना आधी वेळ ठरवूनच पाहुणे घेणे बंधनकारक केले. वायनरी म्हणजे शेतीचा भाग की मेजवानीचा हॉल, हा वाद तिथे अजून पेटतो.

पर्यावरणाचा प्रश्न बागेइतकाच टाक्यांच्या फरशीवरही आहे. टाक्या, पिंपे, फरशा धुण्यात एक लिटर वाईनमागे काही लिटर पाणी जाते. त्या सांडपाण्यात साखर आणि आम्ल असते. ते तसेच ओढ्यात सोडले तर पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. एक लिटर रस आंबताना 40 लिटरांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो साठला तर कामगार गुदमरून मरू शकतो, म्हणून हवा खेळती ठेवणे हा जिवाचा प्रश्न असतो. उत्सर्जनाच्या हिशेबात मात्र बहुतेक वेळा सर्वांत मोठा वाटा काचेच्या बाटलीचा निघतो. भारी वाईन म्हणून जड बाटली, ही विक्रेत्यांनीच लावलेली सवय. 2023 साली काही मोठ्या विक्रेत्यांनी बाटलीचे सरासरी वजन 2026 अखेर 420 ग्रॅमखाली आणायचे ठरवले, हे स्वागतार्ह आहे. पाहुणा ज्या विमानाने आणि गाडीने येतो त्याचा धूरही याच हिशेबात धरला पाहिजे.

2024 साली जगात सुमारे 21.4 अब्ज लिटर वाईन प्यायली गेली, 1961 नंतरची सर्वांत कमी. बोर्दोत सरकारी मदत घेऊन वेली उपटल्या जात आहेत. 2020च्या वणव्यात नापातल्या अनेक वायनऱ्या होरपळल्या, आणि धुराचा वास शिरल्याने कितीतरी द्राक्षे वाया गेली. मागणी घटते तसे वायनऱ्या दाराशी येणाऱ्या ग्राहकावर आणखी विसंबणार, म्हणजे रस्ते, पाणी आणि जमीन यांवरचा ताणही वाढणार. नव्या वायनरीला परवानगी देताना टेस्टिंग रूममध्ये किती माणसे मावतील याआधी धुण्याचे पाणी कुठे जाणार, हे विचारले गेले पाहिजे.