किलोमागे ६ मिली: व्हेंटिलेटरवरच्या एका आकड्याची पार्श्वभूमी

व्हेंटिलेटर सुरू करताना आधी ठरवावा लागतो तो टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासात किती हवा आत सोडायची तो आकडा. एआरडीएसच्या, म्हणजे फुप्फुसांना सूज येऊन त्यांत पाणी भरण्याच्या गंभीर आजाराच्या, रुग्णाला आज वजनाच्या किलोमागे ६ मिलीने सुरुवात करतात. १९८०च्या दशकात हाच आकडा १० ते १५ होता. मिलीवर पुष्कळ लिहिले गेले. गोंधळ मात्र ‘किलो’ या शब्दात जास्त आहे.

१९२८ साली बॉस्टनमध्ये पहिल्यांदा रुग्णासाठी वापरलेले लोखंडी फुप्फुस छातीभोवतीचा दाब कमी करून हवा आत ओढून घ्यायचे. १९५२च्या कोपनहेगनमधल्या पोलिओ साथीत ही पद्धत तोकडी पडली. श्वास आणि गिळणे दोन्ही गेलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. मग एका भूलतज्ज्ञाच्या सांगण्यावरून गळ्यात छेद घेऊन नळी घातली गेली आणि वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रबरी पिशवी दाबत बसले. हवा ओढण्याऐवजी ढकलण्याची पद्धत रुग्णालयात रुजली ती तेव्हापासून, आणि पुढचे सगळे प्रश्न या ढकलण्याचेच आहेत.

किती ढकलायची, याचे उत्तर आले ऑपरेशन थिएटरमधून. भुलेत फुप्फुसाचे तळाकडचे वायुकोश मिटतात आणि रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मोठे श्वास दिले की ते उघडतात, हे १९६३ साली दिसले आणि १० ते १५ मिली हा पाठ्यपुस्तकी नियम होऊन बसला. ती फुप्फुसे निरोगी होती आणि काम काही तासांचे होते. १९६७ साली एआरडीएसचे पहिले वर्णन आले, तरी आजारी फुप्फुसांना दिवसचे दिवस तोच नियम लावला जात राहिला.

खरे तर इशारा लवकर मिळाला होता. १९७४ साली उंदरांना ४५ सेंमी पाण्याच्या दाबाने, पीपशिवाय (म्हणजे श्वास सोडल्यावर फुप्फुसात थोडा दाब राखून न ठेवता) श्वास दिले, तेव्हा तासाभराच्या आत त्यांची फुप्फुसे पाण्याने भरली. १९८८च्या प्रयोगात दाब तेवढाच ठेवून छाती बाहेरून आवळली, म्हणजे फुगायला वाव दिला नाही, तर तशी इजा झाली नाही. म्हणजे दोष मुख्यतः ताणला जाण्याचा होता. त्याच दशकात सीटी स्कॅनने दाखवले की एआरडीएसमध्ये हवा घेणारा भाग एखाद्या पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसाएवढाच उरतो. मोठ्या माणसाचा श्वास त्या उरलेल्या भागातच शिरतो आणि तो फाटेस्तोवर ताणतो.

२००० साली अमेरिकेतल्या चाचणीचे निकाल आले. ८६१ रुग्ण, किलोमागे ६ मिली विरुद्ध १२ मिली. मृत्यूचे प्रमाण ३१ टक्के विरुद्ध ३९.८ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्यापेक्षा लवकर थांबवली गेली.

आणि वाद पेटला. टीकाकारांचे म्हणणे असे की १२ मिली त्या काळी कोणी देतच नव्हते. तुलनेचा गट मुद्दाम वाईट निवडला. प्रकरण संशोधनातल्या रुग्णांचे संरक्षण पाहणाऱ्या अमेरिकी सरकारी कार्यालयापर्यंत गेले आणि २००२ साली त्याच गटाची पुढची चाचणी जवळपास वर्षभर थांबली. आक्षेप पूर्ण गैरलागू नव्हता, पण त्यात दोन वेगवेगळे किलो मिसळले होते. वॉर्डात डॉक्टर मोजलेल्या वजनावर हिशेब करत. चाचणीत वजन उंचीवरून काढलेले होते. रुग्णांचे खरे वजन या काढलेल्या वजनापेक्षा सरासरी २० टक्क्यांनी जास्त भरले. म्हणजे चाचणीतले १२ मिली जुन्या हिशेबाने साधारण १०, आणि १० तर सर्रास दिले जात होते.

उंचीच का? माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठे होत नाही. ते उंची आणि लिंगानुसार ठरते. सूत्र असे: सेंटिमीटरमधल्या उंचीतून १५२.४ वजा करा, ०.९१ने गुणा, पुरुषासाठी ५० आणि बाईसाठी ४५.५ मिळवा. या सूत्राचे मूळ १९७४ सालच्या जेंटामायसिन या औषधाच्या मात्रेच्या हिशेबात आहे, फुप्फुसाच्या मोजमापात नाही. शिवाय १५२.४ सेंमी म्हणजे पाच फूट. भारतीय बायकांची सरासरी उंची १५२च्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडच्या जवळपास निम्म्या बायका सूत्राच्या आरंभबिंदूच्याही खाली येतात. आकडा निघतो, पण तो ताणून काढलेला असतो. हे आपल्याकडे फार कमी बोलले जाते.

१५२ सेंमी उंचीची, ७८ किलो वजनाची बाई घ्या. सूत्राने वजन ४५.१ किलो, म्हणून श्वास २७० मिली. काट्यावरचे वजन धरले तर ४६८ मिली, म्हणजे कागदावर ‘६ मिली’ लिहूनही तिला प्रत्यक्षात १०च्या वर मिळतात. बुटक्या बायकांना जादा श्वास जाण्याचे हे एक कारण. उंची अंदाजाने लिहिणेही तसेच: १० सेंमीची चूक म्हणजे दर श्वासाला ५५ मिलीचा फरक. रुग्णाला सरळ, उताणे झोपवून डोक्याच्या टोकापासून टाचेपर्यंत टेप धरावी. पाय आखडलेले असतील तर कोपर ते मनगट मोजून तक्त्यावरून उंची काढावी.

आकडा बरोबर भरूनही फसगत होते. श्वासाची तहान लागलेला रुग्ण मशीनचा श्वास संपायच्या आत पुन्हा ओढतो, मशीन लगेच दुसरा देते आणि २७० चे ५४० होतात. पडद्यावर दोन शिखरे एकमेकांना चिकटून दिसतात. अशा वेळी गुंगीचे औषध किंवा श्वास देण्याचा वेळ बदलून पाहावा लागतो. प्लॅटो प्रेशर, म्हणजे हवेचा प्रवाह थांबल्यावर फुप्फुसात उरणारा दाब, ३० सेंमी पाण्याच्या आत आहे का, हे श्वास आत गेल्यावर अर्धा सेकंद थांबवून पाहतात, तेही रुग्ण स्वतः ओढत नसताना. छोट्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड चढतो, म्हणून गती मिनिटाला ३५पर्यंत नेता येते. तरीही रक्ताचा पीएच (आम्लता मोजणारा आकडा) ७.१५च्या खाली गेला, तर व्हॉल्यूम वाढवण्याची मुभा त्या चाचणीच्याच नियमात आहे. त्याआधी नळीच्या तोंडावरचा फिल्टर मात्र पाहावा. त्यात अडकणारी हवा २७० मिलीच्या श्वासातून वजा होते, आणि तो काढून गरम पाण्याचा ह्युमिडिफायर लावला की काही वेळा तेवढ्यानेच एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी, सुधारते.